कोठीतला समुद्र

यंदाही हळद शिजायला लागली. मागच्या खळ्यात लोखंडी कुकर धगधगू लागले आणि उजाडायच्या आत वाफ घरात शिरली. ही वाफ विचारून येत नाही. उंबरा ओलांडते, वाळत घातलेल्या कपड्यांत बसते, पिठाच्या डब्यात जाते, दुधालाही लागते. लोकांना हळद म्हटली की लग्नकार्य आठवतं, आम्हाला खवखवणारा घसा आठवतो. वसमतच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं घर, आणि मागे हळद शिजवायचं, वाळवायचं, पॉलिश करायचं खळं. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत आमच्या घरात पांढरं म्हणून काही राहत नाही. ना चादर, ना मांजर.

दरवर्षी या वाफेच्या मागोमाग मला आणखी एक वास येतो. ओल्या दगडाचा, मिठाचा, थोडासा कुजकट. समुद्राचा म्हणतात तो. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही बसमधून उतरून परत बसमध्ये चढेपर्यंत. पण त्याचा वास मात्र मी एक अख्खा हंगाम आमच्या कोठीत घेतला. त्या हंगामाबद्दल घरात कुणी बोलत नाही. बोलायचं नाही असं काही ठरलेलं नाही, पण विषय तिकडे वळायला लागला की कुणीतरी उठून पाणी प्यायला जातं. मीही गप्प बसते. मन मात्र वाफ आली की आपलं जातंच त्या कोठीच्या दारापाशी.

कोठी म्हणजे घराच्या मागच्या अंगाची खोली. पूर्वी तिथं हळदीचं बेणं ठेवत. एक दार, एक हातभर खिडकी, जाड भिंती आणि उन्हाळ्यातही पाय गार पडतील अशी शहाबादी फरशी. माझी नणंद उज्ज्वला सासर सोडून माघारी आली, तेव्हा घरातल्या हवेशीर खोल्या सोडून तिनं ही मागितली. मला नवल वाटलं. मी म्हटलंही, की तिथं दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. ती म्हणाली, चालतंय. आत गेल्यावर तिनं आधी दाराची कडी घालून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा घातली.

उज्ज्वला आमच्या घरातली सगळ्यात शिकलेली. माशांचं शिक्षण घेतलं तिनं. हिंगोलीच्या पोरीनं माशांचं शिक्षण घ्यावं, याची तेव्हा गावभर चेष्टा झाली होती. पुढं ती कोकणात, समुद्राचे शोभेचे मासे वाढवतात अशा एका ठिकाणी कामाला लागली. तिथंच लग्न झालं आणि तिथंच ते मोडलं. सोडचिठ्ठी झाली. नेमकं काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि माझे सासरे, ज्यांना सगळं घर अप्पा म्हणतं, त्यांनी विचारलं नाही. आमच्याकडे पोरगी माघारी आली की एकतर माणसं सगळं खोदून विचारतात, नाहीतर काहीच विचारत नाहीत. अप्पांनी न विचारायचं ठरवलं. त्यांच्या लेखी न विचारणं ही मायाच होती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही लेखी.

येताना तिच्यासोबत कपड्यांची एक बॅग होती. बाकी टेम्पोभर सामान त्या माशाचं. काचेची टाकी, पंप, नळ्या, मिठाचं पोतं, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेले भोकाभोकांचे दगड. मासा स्वतः तिच्या मांडीवर, पिशवीतल्या पाण्यात बसून आला.

बोटाएवढा जीव. तोंडापासून निम्म्या अंगापर्यंत वांग्यासारखा जांभळा आणि तिथून शेपटीपर्यंत पिवळा. पिवळा म्हणजे आमच्या पॉलिशच्या ड्रममधून नुकत्याच निघालेल्या हळकुंडाचा. अप्पा तर पाहूनच हरखले. म्हणाले, हा तर आपल्याच खळ्यातला हाय. त्याचं इंग्रजी नाव उज्ज्वलानं एक-दोनदा सांगितलं, पण ते जिभेवर बसेना. आम्ही त्याला जांभळ्या म्हणायला लागलो आणि शेवटी तीही म्हणायला लागली.

समुद्र कसा तयार करतात हे मी त्या हंगामात पाहिलं. फिल्टरचं गोडं पाणी बादलीत घ्यायचं, त्यात समुद्राचं मीठ टाकायचं, छोटा पंप सोडून रात्रभर ते घुसळत ठेवायचं. सकाळी एक नळीसारखं काचेचं यंत्र असायचं, त्यावर थेंब ठेवून ती खिडकीच्या उजेडाला डोळा लावायची. खारेपणाचं माप जमलं की चेहरा सैल पडायचा. स्वयंपाकघरातलं मीठ का चालत नाही, असं मी विचारलं होतं, तेव्हा ती हसली होती. हसायची ती असल्या प्रश्नांवरच, एरवी फार नाही.

एक गोष्ट मात्र मला फार वेळ कळली नाही. उकाड्यानं टाकीतलं पाणी रोज कमी व्हायचं आणि ती वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. मला वाटायचं, खारं कमी झालं तर खारंच घालायला हवं. तिनं समजावलं की उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ जात नाही. ते मागंच राहतं, आणि पाणी जितकं कमी होत जातं, तितकं उरलेल्यात ते जास्त होत जातं. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. टाकी तशीच स्वच्छ, तशीच निळी. आतल्याला मात्र जगणं कठीण होत जातं. हे सांगताना ती टाकीकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे.

दगडांची रचना तिनं चार वेळा मोडून पुन्हा केली. मधे एक गुहा केली होती, मूठ जाईल न जाईल एवढी. मी म्हटलं, अगं, एवढी मोठी टाकी आणि याला एवढंसं भोक? तेव्हा ती म्हणाली, "वैनी, पाठ टेकवायला दगड आन पुढं बघायला एकच तोंड. मागून कुणी येणार न्हाई, एवढं कळलं की तो खातो, वाढतो. न्हाई कळलं की मरतो."

जांभळ्या मोठा खडूस. गुहेच्या तोंडाशी जांभळं डोकं काढून बसायचा. मी काचेला बोट लावलं की तीरासारखा यायचा, काचेवर आपटायचा आणि परत जायचा. गुहेसमोर वीतभर जागा होती, ती त्याची. वाळूचा खडा घरंगळून तिथं आला तरी तो तोंडानं उचलून लांब नेऊन टाकायचा. एवढासा जीव, पण हद्दीचा पक्का. आमच्या भावकीतले बांधावरून भांडणारे परवडले, ते निदान जेवायला तरी घरी जातात. टाकीत एक गोगलगाय होती, ती काचेवरचं शेवाळ खायची. तिचं त्याचं जमायचं, कारण ती कधी त्याच्या दारी गेली नाही.

त्याचं खाणं म्हणजे बारीक कोळंबी, बर्फात गोठवलेली. घरात माळकरी अप्पा आणि फ्रीजमध्ये आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात कोळंबी. मला वाटलं होतं, यावरून रामायण होणार. पण अप्पांनी डब्यावर स्वतःच्या हातानं खूण केली, म्हणजे चुकून कुणी उघडू नये, आणि विषय संपवला. लेकीसाठी ते बरंच काही सोसत होते, हेही सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, अप्पा वाईट. अप्पा वाईट नव्हते. तीच तर तकलीफ होती.

चैत्र लागला तसं ऊन चढलं. शिजलेली हळद खळ्यावर पसरलेली, वरून आभाळ पांढरंफटक. मग पॉलिशचे ड्रम सुरू झाले. ड्रम फिरायला लागला की हळकुंडाची साल धूळ होऊन उडते, ती पार रस्त्यापर्यंत जाते. एका दुपारी मी कोठीत गेले तर उज्ज्वला टाकीपुढं उकिडवी बसलेली. पाण्यावर पिवळा फेस आला होता. हवेचा पंप खिडकीत होता, तो बाहेरची हवा ओढून पाण्यात सोडायचा, आणि हवेबरोबर हळदीची धूळही. किती दिवस चाललं होतं कोण जाणे. आपण ज्या धुळीत जन्म काढतो, ती त्या जिवाला श्वासातून जात होती.

तिनं पंप आत घेतला. खिडकी ओल्या कापडानं बंद केली. मग दाराच्या फटीला पोतं लावलं. कोठी आधीच अंधारी, ती आणखी मिटली. बाहेर ड्रमचा घरघराट आणि आत टाकीचा निळा उजेड, त्यात तिचा चेहरा. वीज गेली की तोही उजेड जायचा. मग ती पाण्याच्या बाटल्या फ्रीजमध्ये गोठवून टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे पाणी तापणार नाही. बाटली वितळली की दुसरी. बाटलीवर हात ठेवून ती तशीच बसून राहायची. मला तिथं बसवत नसे. काहीतरी यायचं आहे आणि ते रस्त्यावरून नाही, जमिनीखालून येतंय, असं वाटायचं. मी काम आठवल्यासारखं करून बाहेर यायची.

जे यायचं होतं ते रस्त्यावरूनच आलं. चांगल्या कपड्यांत, बोलेरोतून, सोबत लिंबांची पिशवी घेऊन. पुसेगावचे पाहुणे, उज्ज्वलाला बघायला. त्यांची हळद पॉलिशला आली होती, तिथून अप्पांची ओळख. चाळिशीतला माणूस, बायको आजारात गेलेली, घरची शेती, वागणं हळू. मला तर तो आवडला. त्यानं कोठीच्या दारातून टाकी पाहिली, चावतो का म्हणून विचारलं, आणि आत पाऊल टाकलं नाही. असला माणूस नाकारायला कारण शोधावं लागतं, आणि उज्ज्वलाकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

ती नाही म्हणाली. ताटं उचलता उचलता म्हणाली, मला न्हाई करायचं. आमच्याकडे बाई एकदा नाही म्हणाली की लाजली म्हणतात. पुन्हा म्हणाली की घाबरली म्हणतात. तरीही म्हणत राहिली तर तिला आपलं भलं कळत नाही. मला इथंच राहू द्या, असं तिनं सरळ सांगितलं, तर अप्पा म्हणाले, इथं म्हणजे कुठं, कोठीत? त्या वर्षी त्यांना दम लागायला लागला होता. हळदीच्या धुळीनं आयुष्यभराचा हिशेब मागायला सुरुवात केली होती. आपल्यामागं या पोरीचं कोण, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. त्यांनी पाहुण्यांना शब्द दिला. अक्षय्य तृतीयेला साखरपुडा.

त्यानंतर उज्ज्वला त्या विषयावर बोलायची थांबली. भांडली असती तर बरं झालं असतं. नवरा मला म्हणाला, बघ, तयार झाली. मी म्हटलं, व्हय, दिसतंय. नवऱ्याला टोमणा कळत नाही हे माझं भाग्य की दुर्भाग्य, अजून ठरलेलं नाही. मला तिची भीती वाटत होती. विहिरीकडे गेली की मी काहीतरी निमित्त काढून मागं जायची. ती वळून बघायची आणि म्हणायची, वैनी, मी पाणी आणायलाच चाललेय.

अप्पा मात्र मोकळे झाले होते. दुपारी ऊन डोक्यावर आलं की खळ्यावरची कामं थांबायची, तेव्हा ते कोठीत स्टूल टाकून बसायचे. तिथं गार वाटायचं त्यांना. जांभळ्याला बघायचे आणि एकच पालुपद. "एकटा जीव काहून ठेवलास गं? त्यालाबी जोडीदार आण की."

"त्याला सोबत चालत न्हाई, अप्पा."

"सोबत नको आसलेला जीव देवानं केलाच न्हाई."

यात त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या खळ्यावर, आमच्या गावात, बैल एकटा विकत नाहीत. लग्नात हळद लावतात तीही आधी जोडीजोडीनं दळून. एकटं राहणं म्हणजे काहीतरी बिघडलेलं, आणि बिघडलेलं दुरुस्त करायचं, हे आम्ही दुधाबरोबर पितो. आज माझीच मुलगी पुण्यात एकटी खोली घेऊन राहते. मी फोन करून विचारते, खोलीत सोबत कोण आहे. ती म्हणते, कुणी नाही, मस्त आहे. फोन ठेवल्यावर मी किती वेळ फोनकडे बघत बसते.

साखरपुड्याच्या तीन-चार दिवस आधी मी आणि उज्ज्वला साडी आणायला वसमतला गेलो. तिनं समोर आली ती पहिली साडी उचलली. दुकानदारालाच वाईट वाटलं, त्यानं आणखी दाखवल्या. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि पिशवी माझ्या मांडीवर.

घरी पोचलो तर अप्पा दारातच. चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. हैदराबादला हळद घेऊन जाणाऱ्या ट्रकवाल्याकडून त्यांनी गुपचूप दुसरा मासा मागवला होता. असाच पाहिजे, असं सांगायला जांभळ्याचा फोटो दिला होता. आणि वर बजावलं होतं की जरा थोराड बघून आण. का, तर जोडीदार थोराडच लागतो. नवरा मुलगा पाहताना उंची बघायची, वय बघायचं, अंगानं भरलेला आहे का बघायचं, तसंच. नवा मासा जांभळ्याच्या दीडपट होता. अप्पांनी, उज्ज्वलानं आल्या दिवशी केलं होतं तसंच, पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली आणि मग मासा टाकीत सोडला. काचेला बाहेरून हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. ते ओलं होतं अजून.

म्हणाले, तू जाशील तिकडं, मग ह्याला करमायचं न्हाई. म्हणून आणला.

उज्ज्वलानं टाकीत पाहिलं. गुहेच्या तोंडात आता मोठं जांभळं डोकं होतं. आमचा जांभळ्या वरच्या कोपऱ्यात, नळीच्या मागं, उभा तरंगत होता. शेपटीच्या पिवळ्याचा एक तुकडा नव्हता. मी आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवर खुंटीला अडकवलेल्या मासा धरायच्या जाळीकडे. तीही जाळीकडेच बघत होती. मी हळूच म्हटलं, काढ ना त्या मोठ्याला. ती म्हणाली, "राहू दे, वैनी." मला वाटलं, तिच्यातलं काहीच उरलं नाही आता. हातपाय गाळले पोरीनं.

पुढच्या तीन दुपारी मी विसरू शकत नाही. बाहेर वैशाखाचं ऊन, खळं रिकामं, ड्रम बंद, कावळासुद्धा ओरडत नव्हता. आत अप्पा स्टुलावर. पहिल्या दुपारी ते हसत होते. नवं नवं हाय, भांडतेत, व्हतील गोड, असं मला सांगत होते. जांभळ्या जरा खाली उतरला की मोठा गुहेतून सुटायचा, त्याला धरायचा, हिसडा द्यायचा आणि परत गुहेत. भांडण असं ते नव्हतंच, कारण भांडायला दोघं लागतात. जांभळ्या नुसता वर पळायचा. गुहेत असताना माझ्या बोटावर झेपावणारा तो, बाहेर पडल्यावर त्याला लढताच येईना. त्याचा रंग जायला लागला. जांभळं राखाडी झालं, पिवळं विटलं.

दुसऱ्या दुपारी अप्पा हसत नव्हते. त्यांनी स्वतःच्या हातानं, माळ खांद्यामागं टाकून, कोळंबीचा तुकडा चिमटीत धरून पाण्यात सोडला, अगदी जांभळ्याच्या तोंडाशी. त्यानं खाल्लं नाही. तुकडा खाली गेला आणि मोठ्यानं खाल्ला. अप्पांनी काचेवर टकटक केलं. ए, हो तिकडं, असं त्या मोठ्याला दटावलं. एवढ्या मोठ्या टाकीत त्याला कुठं तरी जागा सापडायला पाहिजे ना, असं ते मला म्हणाले. टाकी रिकामीच होती. जागाच जागा होती. पण पाठ टेकवावी असं काही त्यात उरलं नव्हतं. तो उघड्या पाण्यात कोपऱ्याला चिकटून उभा, कल्ले भराभर हलत, आणि कुठूनही येईल म्हणून डोळा सारखा फिरता.

उज्ज्वला आपलं रोजचं करत होती. गोडं पाणी भरलं, बर्फाची बाटली बदलली, काच पुसली. पुसताना हळदीकुंकवाच्या बोटाला तिनं हात लावला नाही. जाळी खुंटीवरच होती. तिच्या तोंडाकडे पाहून मला काही कळत नव्हतं. तिचे डोळे टाकीवर नव्हतेच. ती अप्पांना बघत होती. अप्पा टाकी बघत होते आणि ती अप्पांना.

साखरपुड्याच्या आदल्या दुपारी मी चहाचं विचारायला गेले, तेव्हा जांभळ्या वाळूवर आडवा पडला होता. तोंड थोडं उघडं. गोगलगाय त्याच्याकडे निघाली होती. अप्पा स्टुलावर पुढं वाकून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, दम लागल्यासारखे. उज्ज्वलानं हात घालून त्याला बाहेर काढलं आणि तळहातावर घेतलं. एवढासाच तर होता.

मग अप्पांनी विचारलं, "हा दुसरा तुला काढता आला नसता का गं?"

"आला असता."

"मग काढला काहून न्हाईस?"

तिनं तळहातावरून नजर उचलली. "तुमी बघून राहिले होते, अप्पा. म्हणलं, बघू द्यावं."

ज्या जिवाला तिनं मांडीवर बसवून अख्खा महाराष्ट्र आडवा पार केला, ज्याच्यासाठी ती भर उन्हाळ्यात बाटल्या बदलत बसली, तो तिनं डोळ्यांदेखत जाऊ दिला. सांगून ज्यांना कळत नव्हतं, त्यांना दाखवण्यासाठी. हातपाय गाळलेली बाई असं करत नाही. तिच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं आणि ते तिनं देऊन टाकलं.

अप्पांना कळायला वेळ लागला. कळलं ते आधी त्यांच्या हातांना, गुडघ्यांवरून ते घसरले. मग त्यांनी ते विचारलं, जे ती आल्या दिवसापासून विचारलं नव्हतं. अर्धंच विचारलं.

"तिकडं... तिकडं तुझ्या सासरी कुणी बघत व्हतं का गं?"

"न्हाई," उज्ज्वला म्हणाली.

अप्पांनी तिथंच बसून पुसेगावला फोन लावला. पाहुण्यांना म्हणाले, उद्या येऊ नका, तुमच्यात काही खोट न्हाई, शब्द मी न विचारता दिला व्हता, चूक माझी हाय. पलीकडून काय म्हणत होते ऐकू आलं नाही. अप्पा नुसते व्हय, व्हय म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, पोरगी इथंच राहती. तिची जागा हाय इथं.

फोन बंद झाला तशी उज्ज्वलानं जांभळ्याला ओल्या कापडावर ठेवलं. बाही वर सारली. टाकीत हात घालून एकेक दगड उचलून बाहेर ठेवला. गुहा मोडली, तसा मोठा मासा उघड्यावर आला, सैरावैरा झाला. तिनं खुंटीवरची जाळी घेतली, त्याला कोपऱ्यात घेतलं आणि अलगद उचलून बादलीतल्या खाऱ्या पाण्यात सोडलं. चहाला आधण येईल तेवढ्यात झालं सगळं. त्या बादलीवर तिनं झाकणही ठेवलं, त्यानं बाहेर उडी मारू नये म्हणून. त्याच्यावर तिचा राग नव्हता.

मग मात्र ती खाली बसली, कापडाशेजारी, भिंतीला पाठ लावून, आणि रडायला लागली. सासरहून आली तेव्हा रडली नव्हती, ती आता रडत होती, तोंडावर हात न घेता, आवाज न आवरता. अप्पा उठले. एक पाऊल तिच्याकडे टाकलं, हातही पुढं गेला त्यांचा. मीही पदर सावरून पुढं झाले, आपण जातो तसं, जवळ घ्यायला, उगी उगी करायला. तेवढ्यात अप्पा थांबले. त्यांनी मला हातानं बाहेर चलायची खूण केली, आणि आम्ही दोघं बाहेर आल्यावर कोठीचं दार आपल्यामागं हळूच ओढून घेतलं.